जुन्या फ्लॅटमधले दिवे, पंखे, गीझर रिमोटवर घ्यायचे आहेत. बोर्डात न्यूट्रल (परतीची तार) नाही

पाचवा_मजला

नमस्कार मंडळी. ठाण्यातला १९९४ सालचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. वायरिंग भिंतीतल्या पाइपमधून, बोर्ड नंतर मॉड्युलर केलेले. आईबाबा सत्तरी ओलांडलेले, आणि दोन्ही बेडरूममध्ये बोर्ड दारापाशी, पलंगापासून लांब. रात्री त्यांना पलंगावरूनच दिवा-पंखा लावता-बंद करता यावा ही मूळ गरज. भिंत फोडायची नाही.

बेडरूम १ च्या बोर्डात तीन दिवे, एक पंखा (स्टेप रेग्युलेटर), आणि एक पाच पिनांचं सॉकेट. बेडरूम २ मध्ये एक ट्यूब, एक नाइट लॅम्प, एक पंखा, सॉकेट नाही. पॅसेजच्या दिव्याला दोन टोकांना टू-वे स्विच. गीझर १५ लिटर, २ किलोवॉट. दिवे-पंखे इन्व्हर्टरवर आहेत, मेनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की मेन पाडणारा स्विच) आहे.

विचारायचं ते असं: बोर्डात स्विचमागे बसणारं वायफायचं मॉड्यूल घ्यावं की साधं ४३३ मेगाहर्ट्झचं रेडिओ रिमोट-रिसीव्हर? जिथे न्यूट्रल नाही तिथे 'नो न्यूट्रल' मॉड्यूल चालतं का? रेग्युलेटरचं काय करायचं? आणि गीझर याच मॉड्यूलवर घेतला तर चालेल का?

---

न्यूट्रल_शोधा

कंपनी आणि ॲप हा शेवटचा प्रश्न. आधी प्लेट उघडून बोर्डात कोणत्या तारा आल्या आहेत ते बघा, निम्मं उत्तर तिथेच मिळेल. आणि एक अट आधीच घालून घ्या: रिमोट हरवला, वायफाय गेलं, सेल संपला, तरी भिंतीवरचं बटण दाबलं की दिवा लागलाच पाहिजे. ही अट न पाळणारी वस्तू वयस्कर माणसांच्या खोलीत बसवू नका.

आपल्याकडे बोर्डात फक्त फेज येते, ती एका स्विचवरून दुसऱ्यावर लूप केलेली असते, आणि प्रत्येक स्विचमधून एक तार दिव्याकडे जाते. न्यूट्रल थेट दिव्याला. पण बोर्डात सॉकेट असेल तर त्याच्यासाठी न्यूट्रल खाली आणावाच लागतो. म्हणजे बेडरूम १ चं काम सोपं आहे.

मात्र त्या सॉकेटचा न्यूट्रल आणि तुमच्या दिव्याची फेज एकाच सर्किटची आहे का, हे तपासल्याशिवाय जोडू नका. तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे म्हणून हे जास्त महत्त्वाचं. दोन पोलचा मेन स्विच बंद करा, इन्व्हर्टर चालू ठेवा, आणि दिव्याची फेज ते सॉकेटचा न्यूट्रल मल्टिमीटरने मोजा. २३० च्या आसपास आलं तर न्यूट्रल इन्व्हर्टरशी एकच आहे, बिनधास्त वापरा. काहीच आलं नाही किंवा ४०-९० व्होल्ट असं तरंगतं वाचन आलं तर तो न्यूट्रल वेगळा आहे. तो वापरलात तर दोन त्रास होतील: वीज गेली की मॉड्यूल मरेल आणि दिवा इन्व्हर्टरवर असूनही लागणार नाही. दुसरं म्हणजे प्रत्येक मॉड्यूलचे काही मिलिअँपिअर चुकीच्या न्यूट्रलने परत जातील. एका मॉड्यूलने काही होत नाही. चार-पाच झाली की आरसीसीबी अधूनमधून, विनाकारण पडायला लागते. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकते, आणि तो दोष शोधताना इलेक्ट्रिशियन घरभर फिरतो.

हे सगळं मीटरने मोजा, टेस्टरने नको. टेस्टरचा निऑन शेजारच्या तारेच्या प्रभावानेही पेटतो.

आता जोडणी. मेन बंद करा आणि इन्व्हर्टरही बंद करा. मेन पाडला तरी इन्व्हर्टरची फेज बोर्डात जिवंत असते. मग मीटरने शून्य बघून हात घाला. चार चॅनेलचं एकच मॉड्यूल घ्या, चार सुटी नकोत: न्यूट्रल एकदाच जोडावा लागतो, आणि बॉक्समध्ये जागा राहते. फेज आणि न्यूट्रल मॉड्यूलला; दिव्यांच्या तारा स्विचमधून काढून मॉड्यूलच्या आउटपुटला; आणि स्विचच्या दोन पिना मॉड्यूलच्या एस१, एस२ ला.

सगळ्यात जास्त मॉड्यूल इथेच जळतात. स्विचवर आलेला फेजचा लूप तसाच ठेवून कुणीतरी तिथूनच एस१ ची तार काढतो. बहुतेक मॉड्यूलमध्ये एस१-एस२ हा कोरडा संपर्क असतो, त्यावर बाहेरून फेज लावायची नसते. लावली की चालू करताक्षणी धूर. तेव्हा ज्या स्विचला मॉड्यूलशी जोडायचं, त्याच्यावरचा लूप पूर्ण काढा. पण तो लूप पुढच्या स्विचला किंवा सॉकेटला फेज देत असतो, म्हणून राहिलेल्यांना १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेने नवा लूप द्या. काही मॉड्यूलना उलट स्विचवर फेजच लागते. डब्यावरची आकृती बघूनच ठरवा.

---

चारशेतेहेतीस

वरच्या प्रतिसादाशी सहमत. बेडरूम २ बद्दल माझं मत वेगळं पडेल म्हणून लिहितो: तिथे बोर्डाला हातच लावू नका.

'नो न्यूट्रल' मॉड्यूल स्वतःला लागणारी वीज दिव्यातूनच ओढतं. दिवा बंद असतानाही थोडा प्रवाह त्यातून चालू राहतो. ६० वॉटचा पिवळा बल्ब असता तर कळलंही नसतं. ५ वॉटचा एलईडी मात्र मंद पेटलेला राहतो किंवा दर दोन-चार सेकंदांनी लुकलुकतो. उपाय म्हणून दिव्याला समांतर ०.१ ते ०.२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतात. तो एक्स२ वर्गाचा, २७५ व्होल्ट एसीचाच हवा. पंख्यातला किंवा दुसऱ्या सर्किटमधून काढलेला नको. ०.१ ला साधारण ७ मिलिअँपिअर, ०.२२ ला १६. नाइट लॅम्पसारख्या अर्ध्या वॉटच्या दिव्याला हे एवढं सगळं करणं मला पटत नाही.

त्यापेक्षा रिसीव्हर वर, दिव्यापाशी बसवा. ट्यूबच्या पट्टीत फेज-न्यूट्रल दोन्ही आलेले असतात. भिंतीवरचा स्विच रिसीव्हरला वीज देईल, रिसीव्हर दिव्याला. घेताना एकच गोष्ट विचारून घ्या: वीज आली की रिसीव्हर आपोआप चालू स्थितीत येतो का? काहींना त्यासाठी जंपर असतो, काहींचं बटण ठरावीक वेळा दाबावं लागतं. ती सोय असेल तर भिंतीवरचा स्विच बंद करून पुन्हा लावला की दिवा लागतो, रिमोट हाताशी नसला तरी. नसेल तर वस्तू दुकानात परत करा, कारण मग रिमोटशिवाय दिवा लागणारच नाही.

याची एक बाजू अशी की वीज जाऊन इन्व्हर्टरवर जाताना मोठा झटका बसला तर रात्री तीनला ट्यूब आपसूक लागेल. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते त्या बाजूला ठेवा. त्या मोडमध्ये बदल काही मिलिसेकंदांत होतो आणि रिसीव्हर रीस्टार्ट होत नाही.

४३३ बद्दल कामाच्या गोष्टी. रिसीव्हर सुपरहेटरोडाइन प्रकारचा घ्या, स्वस्तातला सुपररीजनरेटिव्ह नको. भिंतीपलीकडून चालण्या-न चालण्यातला फरक तिथेच पडतो. अँटेना म्हणजे १७.३ सेंटिमीटरची साधी तार. ती गुंडाळून डब्यात कोंबू नका, मेनच्या तारांना समांतरही नेऊ नका. पत्र्याच्या बॉक्सच्या आत रिसीव्हर ठेवला तर पल्ला पार कमी होतो.

आणखी एक लक्षण: रिमोटने दिवा लागतो, पण बंद होत नाही. रिमोट बिघडलेला नसतो. एलईडीचा स्वस्त ड्रायव्हर चालू झाला की रेडिओ गोंगाट करतो, आणि १०-१५ सेंटिमीटरवरचा रिसीव्हर त्यात बहिरा होतो. रिमोट अगदी जवळ नेला की बंद होतो, यावरून ओळखायचं. रिसीव्हर ड्रायव्हरपासून अर्धा मीटर दूर न्या, अँटेना उलट दिशेला काढा. तरी नाही जमलं तर ट्यूब बदला.

शेजाऱ्याच्या रिमोटने आपला दिवा लागेल का, हा प्रश्न नेहमी येतो. 'शिकवायचे' रिमोट २० बिटांचा पत्ता वापरतात, म्हणजे दहा लाखांवर जोड्या; टक्कर होत नाही. जुन्या पद्धतीच्या, आत आठ सोल्डर-जंपर असलेल्या रिमोटमध्ये मात्र सगळे जंपर कारखान्यातून मोकळेच येतात. एकाच दुकानातून दोन घरांनी घेतले की टक्कर नक्की. उघडून दोन-तीन जंपर रिमोट आणि रिसीव्हर दोन्हींत सारखेच जोडून टाका. हे सगळे कोड ठरावीक असतात, कुणी पकडून पुन्हा सोडू शकतो. दिव्याला चालेल, दाराच्या कुलपाला किंवा शटरला ठरावीक कोडचा रिमोट कधीही लावू नका.

सेल घेताना १२ व्होल्टचे २३ए आणि २७ए बघून घ्या. व्होल्टेज तेच, पण २७ए बारीक असतो. २३ए च्या खाचेत घातला तर कधी लागतो कधी नाही, आणि दोष रिमोटवर जातो.

---

राऊटरवाला

वायफायची बाजू थोडक्यात.

ही मॉड्यूल २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. राऊटरने २.४ आणि ५ एकाच नावाखाली ठेवले असतील तर पहिल्या जोडणीपुरतं ५ बंद करा. सुरक्षा डब्ल्यूपीए२ ठेवा. फक्त डब्ल्यूपीए३ वर बरीच जुनी मॉड्यूल जोडलीच जात नाहीत. प्रत्येकाला राऊटरमध्ये आयपी पत्ता राखून ठेवा. आणि राऊटर, फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर वीज गेल्यावर दिवा आहे पण रिमोट नाही अशी गत.

इंटरनेट बंद असताना घरातल्या घरात चालतं का, हे घेण्याआधी बघा. ज्यांचं ॲप कंपनीच्या सर्व्हरमार्फतच बोलतं, ते केबल तुटली की थांबतात. टास्मोटा किंवा ईएसपीहोम (कंपनीच्या फर्मवेअरऐवजी, म्हणजे आतल्या प्रोग्रामऐवजी, घालायची मोफत फर्मवेअर) घालता येतं अशी मॉड्यूल घेतलीत तर सगळं घरातच राहतं. टास्मोटामध्ये तीन गोष्टी लगेच करा. दिव्यांना पॉवरऑनस्टेट ३, म्हणजे वीज आल्यावर पूर्वीची स्थिती. गीझरला ०, म्हणजे बंदच. भिंतीवरचा साधा स्विच असल्याने स्विचमोड ०, म्हणजे स्विच वर-खाली कुठेही असो, हलवला की दिवा बदलतो. आणि सेटऑप्शन६५ ला १. हे शेवटचं आपल्याकडे फार गरजेचं आहे. पावसाळ्यात वीज लागोपाठ जा-ये करते, आणि झटपट सात वेळा तसं झालं की टास्मोटा ती रीसेटची खूण समजून सगळ्या सेटिंग पुसून टाकतं.

फर्मवेअर घालताना मॉड्यूल मेनपासून पूर्ण सुटं, ३.३ व्होल्टवर. मेनला जोडलेलं असताना यूएसबीची तार लावाल तर लॅपटॉप जाईल, आणि तुमच्या जिवाला धोका आहे तो वेगळाच. आतल्या सर्किटला मेनपासून अलगीकरण नसतं.

---

कॉन्टॅक्टर_कुडाळ

गीझर आणि पंखा राहिलेत.

२ किलोवॉट म्हणजे ८.७ अँपिअर. डब्यावर '१६ अँपिअर' लिहिलेलं असतं, पण त्या चिमुकल्या स्क्रूखाली २.५ चौरस मिलिमीटरची तार नीट बसत नाही, आणि रोज अर्धा तास ९ अँपिअर वाहिला की आधी प्लास्टिक पिवळं पडतं, मग टर्मिनल ढिलं होतं, मग जळतं. म्हणून गीझरची वीज मॉड्यूलमधून नेऊच नका. २५ अँपिअरचा दोन पोलचा मॉड्युलर कॉन्टॅक्टर (कॉइलला वीज दिली की लागणारा जड स्विच) घ्या, २३० व्होल्टच्या कॉइलचा, डीबीत (एमसीबीच्या पेटीत) रेलवर बसणारा. मॉड्यूलने फक्त कॉइल चालवायची. फेज-न्यूट्रल दोन्ही तुटतात हाही फायदा. कॉइलला समांतर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एक्स२ असा स्नबर लावा, नाहीतर कॉन्टॅक्टर सुटताना येणाऱ्या झटक्याने मॉड्यूल रीसेट होतं. हे सगळं बाथरूमच्या बाहेर. गीझरचा मूळ १६ अँपिअरचा स्विच हाताशी राहू द्या.

वेळेने बंद होण्याची सोय पक्की करा. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला २ किलोवॉटला साधारण १६ मिनिटं लागतात. २५ मिनिटांचा आपोआप बंद पुरे. टास्मोटात तो पल्सटाइम १६०० होतो, कारण ते १०० अधिक सेकंद असं मोजतं. पाण्यात टाकायचा हीटिंग रॉड, इस्त्री, शेगडी यांपैकी काहीही रिमोटवर घेऊ नका. बादलीत पाणी आहे की नाही हे रिमोटला दिसत नाही.

दिव्यांबद्दलही एक जोडतो. रिलेवरचे (मॉड्यूलमधल्या विजेने चालणाऱ्या स्विचवरचे) '१० अँपिअर' हे हीटरसारख्या साध्या लोडचे. हॉलच्या फॉल्स सीलिंगमध्ये आठ एलईडी पॅनल एकाच स्विचवर असतील तर चालू प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आसपास, पण लावताक्षणी आठही ड्रायव्हरचे कपॅसिटर एकदम भरतात आणि क्षणभर कित्येक पट प्रवाह जातो. त्याने रिलेचे पॉइंट चिकटतात: ॲप 'बंद' दाखवतं, दिवे चालूच. पॅनल दोन चॅनेलवर वाटून घ्या.

पंखा. तुमचा स्टेप रेग्युलेटर म्हणजे आत दोन कपॅसिटर, बहुधा २.२ आणि ३.३ मायक्रोफॅरड, एक, दुसरा, दोन्ही, आणि थेट, असे चार वेग. पंख्याचं जे मॉड्यूल हेच काम रिलेने करतं तेच घ्या, आणि जुना रेग्युलेटर काढून टाका. दोन्ही एकामागे एक ठेवले तर पंखा सगळ्यात कमी वेगावर सुरूच होत नाही, नुसता गुणगुणतो. दिव्याचा डिमर पंख्याला कधीच नको. घरघर आणि गरम वाइंडिंग.

बेडरूम २ साठी मी तर रिमोटचा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखाच घ्या म्हणेन. ७५ वॉटच्या जागी २८ ते ३५ वॉट, इन्व्हर्टरलाही आराम. पण त्याच्या वाटेतला रेग्युलेटर काढून तारा थेट जोडा. बीएलडीसी रेग्युलेटरमागे ठेवला की आतला कंट्रोलर जातो, नुसता फुल्लवर ठेवणं पुरेसं नाही, उद्या कुणीतरी फिरवेलच. रिमोट रेडिओचा मिळाला तर बरा. इन्फ्रारेडचा पंख्याच्या दिशेने धरावा लागतो आणि अंधारात वयस्कर हाताला ते जमेलच असं नाही.

पॅसेजला रिमोट नको, पीआयआर सेन्सरचा (माणसाची हालचाल ओळखून लागणारा) दिवा लावा. टू-वे स्विचच्या दोन तारांमध्ये मॉड्यूल घुसवायचं म्हणजे कायम फेजसाठी तिसरी तार ओढावी लागते. सेन्सर दिव्याच्या जागीच बसतो, तिथे न्यूट्रल आहे, आणि रात्री बाथरूमला जाताना काही दाबावंच लागत नाही.

---

पाचवा_मजला

सगळ्यांचे मनापासून आभार. बेडरूम १ उघडून मोजलं: मेन बंद, इन्व्हर्टर चालू, दिव्याची फेज ते सॉकेटचा न्यूट्रल २२६ व्होल्ट. न्यूट्रल ते अर्थ १.४ व्होल्ट (मेन चालू असताना). बॉक्स पत्र्याचा आहे, खोली साधारण ४५ मिलिमीटर. वायफाय मॉड्यूल त्यात चालेल का? आणि बेडरूम २ मध्ये नाइट लॅम्पचं काय करू? त्याच्या होल्डरमध्ये रिसीव्हरला जागा नाही.

---

न्यूट्रल_शोधा

वाचनं चांगली आहेत, तो न्यूट्रल वापरा.

पत्र्याच्या बॉक्समध्ये मॉड्यूल तळाशी नको, पुढच्या प्लास्टिक प्लेटच्या जवळ, अँटेनाची बाजू बाहेर ठेवून बसवा. बंद करण्याआधी राऊटरच्या पानावर सिग्नल बघा: उणे ७० डीबीएमपेक्षा चांगला असेल (म्हणजे उणे ६०-६५) तर प्लेट लावा, उणे ८० च्या पलीकडे असेल तर मॉड्यूल रोज हरवेल. ४५ मिलिमीटरमध्ये स्विचच्या मागे जेमतेम २० उरतात, म्हणून पंख्याचं मॉड्यूल आणि दिव्यांचं मॉड्यूल एकावर एक ठेवू नका. रेग्युलेटर काढल्यावर प्लेटवरची त्याची दोन घरं मोकळी होतात, तिथे पंख्याचं बसवा आणि पुढे डमी प्लेट लावा. पत्र्याला अर्थ जोडलेला आहे ना, तेही बघून घ्या. तारांच्या टोकांना फेरूल (दाबून बसवायची धातूची टोपी) लावा, तारेचे सुटे केस एकमेकांना टेकले तर त्या बॉक्समध्ये दुसरी चूक लागत नाही.

---

चारशेतेहेतीस

नाइट लॅम्पला वेगळा रिसीव्हर नको. ट्यूबच्या पट्टीत दोन चॅनेलचा रिसीव्हर बसवा आणि दुसऱ्या चॅनेलवर ३ वॉटचा उबदार रंगाचा छोटा एलईडी पट्टीच्या टोकाला लावा. पण दोन चॅनेलच्या रिसीव्हरमध्ये 'वीज आली की चालू' हे प्रत्येक चॅनेलला वेगळं ठरवता येतं का, बघून घ्या. छोट्याला चालू आणि ट्यूबला बंद ठेवलंत तर भिंतीवरच्या स्विचने किमान छोटा दिवा नक्की लागेल. दोन्हींना एकच सेटिंग असेल तर दोन्ही 'चालू' ठेवा. जुना नाइट लॅम्प भिंतीवरच्या स्विचवर जसा आहे तसाच राहू द्या.

रिमोट चार बटणांचा घेतला तरी दोनच शिकवा, आणि उरलेल्या दोन बटणांवर आतून टेप लावा. पलंगाच्या कडेला स्क्रूने बसणारा होल्डर येतो, तो उशीच्या बाजूला हात पोचेल तिथे लावा, आणि सेल दर दिवाळीला बदला, संपायची वाट न बघता.